मूठभर घरचं मीठ

३ ऑगस्ट
पुष्पे, आधी सगळ्यांची खुशाली सांग. तुझे गुडघे कसे आहेत? हर्षलची पाठ? सूनबाईचं डोकं थांबलं का? आणि आपल्या मनालीचा ताप? इथं फोनला रेंज नाही, म्हणून ही रोजनिशी. डब्याच्या एसटीनं पानं पाठवीन, तू डब्यात चिठ्ठी घाल.

साखरखेर्ड्यापुढच्या माळावर कारखाना आहे. आरसे ऊन गोळा करतात, त्यानं टाकीतलं मीठ पाण्यासारखं वितळतं. खायचं नव्हे, खताच्या जातीचं. त्या उष्णतेवर यंत्र चालतं आणि शेजारच्या खोलीत अशी थंडी करतं, की हवेचंही पाणी होतं. त्यात देशी वळूंचं बीज जपतात. चाळीस वर्षं मोटारी दुरुस्त केल्या, पण असं काही पाहिलं नव्हतं. माझं काम एकच: मीठ दोनशे चाळीस अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. गेलं की दगड. या वयात कुणी काम दिलं, बरं वाटलं.

५ ऑगस्ट
काम सोडणाऱ्या शेषरावांनी चाव्या दिल्या. माझ्याच वयाचे, हात मात्र बर्फ, आणि ऑगस्टात लोकरीचे हातमोजे. त्यांच्या आजारी बायकोचं, रुखमावहिनींचं विचारलं, तर म्हणाले, आता ठणठणीत. जाताना थांबले. "भाऊ, याच्यात घरचं मीठ टाकू नका. हे काही जाळत नाही. धरून ठेवते."

७ ऑगस्ट
मनालीवरून उतरवलेलं मीठ डब्यात मिळालं. तुझी चिठ्ठीही: एवढ्या मोठ्या चुलीले एक मूठ जड जाईन का? शेषराव आठवले, पण नातीपुढे कुणाचं ऐकू? नमुना घ्यायच्या झाकणातून मूठ सोडली. इंजिनियर प्रसेनजित साहेबांनी पाहिलं. म्हणाले, बाबा, आता भाजीलाही इथूनच न्या.

८ ऑगस्ट
ताप उतरला म्हणतेस. पोर अंगणात खेळली. आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

११ ऑगस्ट
तीन दिवस आभाळ. आरसे आंधळे. मीठ दोनशे नव्वदवर. मनाली पुन्हा कणकणली, ताप शंभर. पाय फार दुखतात.

१२ ऑगस्ट
मीठ दोनशे पासष्ट. ताप एकशे दोन. मीठ उतरतं तसा पोरीचा चढतो. डॉक्टर साथीचा म्हणतात. थंडीचं यंत्र बंद करा, उष्णता वाचेल, असं साहेबांना विनवलं. म्हणाले, बीज नासेल, नोकरी जाईल. ते जेवायला गेले तेव्हा मीच बंद केलं.

१३ ऑगस्ट
दोनशे बेचाळीस. यंत्र बंद, तरी उतरतंच. ताप एकशे चार.
टाकीच्या झडपेच्या चाकानं हात पोळायला हवा — ते गार आहे. नुसता टेकलो, थकून. काटा एक अंश वर गेला.
हात काढला. खाली आला.

१४ ऑगस्ट
दोनशे सेहेचाळीस. डाव्या हातानं लिहितो. उजवा चाकावर. नखांवर हिव —
ते हातमोजे आत्ता कळले.
दुपारी शेषराव आले. रुखमावहिनी पुन्हा अंथरुणावर; त्यांचीही मूठ याच मिठात. मोजे काढले, पलीकडचं चाक धरलं.
दोनशे एकोणपन्नास.
शेषराव आता हाकेला ओ देत नाहीत. हात तसेच —
पुष्पे, गुडघे शेकत जा. मनालीचा ताप उतरला का, तेवढं लवकर लिही. तुझी चिठ्ठी येईपर्यंत मी चाक सोड —