यांची खुर्ची आणि ठोंब्या

चि. धाकटीस आशीर्वाद.

ठोंब्या जेवत नाही आणि संध्याकाळी यांच्या रिकाम्या खुर्चीपुढे शेपूट हलवत बसतो, असं तू फोनवर रडत सांगितलंस, म्हणून लिहिते. आधी डोळे पूस. घरात भूतबीत काही नाही.

कुत्रा आणल्यापासून आम्ही दोघं मिळून कुठे गेलोच नाही. "तू खुशाल जा, मी आहे त्याच्यापाशी," म्हणून हे त्या खुर्चीत बसायचे. मी बॅग उचलली की हे घरी असणार, एवढंच त्याला ठाऊक. हे वारल्यानंतर, घर आणि कुत्रा तुझ्यावर सोपवून, मी पहिल्यांदाच बाहेरगावी आले. तो बिचारा नेहमीसारखाच वागतोय.

इथे लेकीकडे सगळं ठीक. तुझा खोकला कसा आहे? औषधाची हयगय नको.

एक सांगते, कुणापाशी बोलू नकोस. इथे मलाही वाटत राहतं, मी बाहेर आहे म्हणजे हे घरी असतील. म्हणून परतीचं तिकीट काढायला हात धजत नाही.

तुझी ताई

लेकीच्या शेजारीणबाई तिकडे येताहेत, त्यांच्याजवळ दिलं: यांचा स्वेटर, एक. माझ्या उशाशी होता. धुतलेला नाही, तूही धुऊ नकोस. खुर्चीवर ठेव.