पांढऱ्या अस्वलाचं इंग्रजी

४ मार्च, मारिबोर
मामाच्या बेकरीत बुरेक, म्हणजे मटणाचे पापुद्रेवाले पॅटिस, विकत आयुष्य घालवायचं नाही. आज पक्कं ठरलं. समोरच्या कॉलेजातली नेझा बुरेक घ्यायला आली. इंग्रजीची मास्तरीण होतेय. विचारते, तुला इंग्रजी येतं? म्हटलं, एक अक्षर नाही. पोरगी आनंदाने उडालीच. सराव-पाठाला म्हणे खरोखरचा कोरा माणूस लागतो. वर्गातल्या मुली कोरं असल्याचं नाटक करतात आणि पकडल्या जातात. म्हणजे मला इंग्रजी फुकट! सहा महिन्यांत प्रवासी बोटीवर वेटर. दोन वर्षांत कॅप्टन नाही, पण जवळपास.

११ मार्च
पहिला पाठ. बर्फ वितळतंय, पांढरं अस्वल रडतंय, प्लास्टिक वाईट. नेझाच्या प्राध्यापक कोबलबाईंचा यंदा नियमच आहे, या होणाऱ्या शिक्षिकांनी इंग्रजी शिकवायचं ते पृथ्वी वाचवता वाचवता. मी एका दमात सगळं पाठ केलं. डोकं मुळात चांगलं. शाळेनेच मला आठवीत सोडलं.

२ एप्रिल
चार मुली, चार पाठ, चार अस्वलं. आता मी प्रश्नाच्या आधी उत्तर देतो. आज नेझाने टेबलाखालून लाथ मारली. नंतर म्हणाली, फ्लामुर, काहीच येत नाही असं वाग ना रे, माझे मार्क जातात. तिच्यासाठी आलेलं इंग्रजी विसरायचं ठरवलं. प्रेमात एवढं करावं लागतं. मैत्रिणींनाही तिने बजावलंय, हा माझा आहे, परीक्षेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

१९ एप्रिल
दुकानात इंग्रज जोडपं. पिशवी मागितली. मी बोट रोखून म्हटलं, बॅग, नो! आइस, गोइंग! बेअर, डाय! बुरेक तसाच टाकून दोघं पळाले. जेमाइलमामा ओरडला, अरे गाढवा, गिऱ्हाईक होतं ते, खुनी नव्हते! मामाला जगाची काही पडलेलीच नाही.

२३ मे
नेझाची परीक्षा. मी अस्वल विसरून दाखवलं, तेही तीनदा. तिला दहापैकी दहा. मिठी मारून म्हणाली, तुला कधी कुणी काही शिकवलंय असं क्षणभरही वाटलं नाही! गावी प्रिझ्रेनला आईनेसुद्धा माझं एवढं कौतुक केलं नव्हतं.

२४ मे
सोमवारी बोट कंपनीची मुलाखत. मामाला सांगून टाकलं, आजपासून तुझं दुकान तुला लखलाभ. तो म्हणाला, जा की, पण खोली आजच मोकळी कर, गावाहून दुसरा भाचा येतोय. जळतो.

२७ मे, कोपर बंदर
मुलाखत. कंपनीच्या बाईंनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी बर्फापासून सुरुवात केली. परत विचारलं, तेव्हा कचऱ्याचं खत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ठणकावलं, युवर शिप, बॅड, व्हेरी बॅड! मग त्या स्लोव्हेनियनमध्ये म्हणाल्या, अहो, मी तुमचं नाव विचारतेय.
नाव कुणी शिकवलंच नव्हतं.
तरी छाप बरी पडली असावी. बाहेर सोडायला दोन माणसं आली.

५ जून
बोटवाल्यांचा फोन नाही. सध्या बंदरावर मासळीच्या पेट्या उचलतोय, समुद्राची सवय म्हणून. नेझाला अकरा मेसेज. तिचं एकच उत्तर: थँक यू, आता गरज नाही.

१४ जून, मारिबोर
कोबलबाईंकडे गेलो. म्हटलं, मला इंग्रजी येतं एवढं लिहून द्या, बोटवाल्यांना दाखवतो. बाई म्हणाल्या, अरे, दाखला विद्यार्थ्याला देतात. तू कुठे विद्यार्थी होतास? फळ्याला कुणी दाखला देतं का?
मी उठलो. तर म्हणाल्या, थांब, ऑक्टोबरात नवी तुकडी येतेय, तेव्हा ये. चांगली वस्तू एकदा वापरून टाकायची नाही, हेच तर आम्ही शिकवतो.
म्हटलं, बघतो. मग म्हटलं, येतो.
उन्हाळ्यात मात्र काही शिकू नकोस, असं त्यांनी दोनदा बजावलं.
तेवढं जमेल.