अकरा जणांच्या बदल्यात

४ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

टपालाने पत्र लिहायला लावणारे जगात आता तुम्ही एकटेच उरलात. पण बोलायची सोय नाही, कारण वेबसाइट विकत घेताना तुमचा ईमेलचा पत्ताही मीच घेतला. मामी अजून सगळ्यांना सांगते म्हणे, की भाचीने मामाची पत्रपेटीसुद्धा सोडली नाही.

बातमी अशी की आमची कंपनीच आता विकली जातेय. तुमची टायपिंग शिकवणारी साइट ही आमची पहिली खरेदी. त्यानंतर मी आणि माझा भागीदार घाईराव (हे नाव तुम्हीच ठेवलंत आणि चिकटलं) यांनी लोकांनी एकट्याने उभ्या केलेल्या, पण आता झेपेनाशा झालेल्या बावीस साइट घेतल्या, डागडुजी करून चालत्या केल्या. आता हेच काम करणारी एक बडी कंपनी आम्हाला घेतेय. मला हायसं वाटलं होतं. दीड वर्ष झालं, नवरा परदेशातल्या नोकरीवर आणि लेक त्याच्यासोबत. तेवीसपैकी एखादी साइट बंद पडली की फोन मलाच येतो, त्यामुळे चार दिवस धड कुठे जाता येत नाही. एप्रिलमध्ये तिकडे राहायला येते, असं लेकीला सांगून बसलेय.

आणि परवा त्यांची अट आली. मी दोन वर्षं इथेच, याच ऑफिसात, रोज हजर राहायचं. कागद वाचायला लागले तर शब्द ओळखीचे वाटले. मामा, तो माझाच कागद! तुमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून मी लिहिला होता ना, विकणाऱ्याने दोन वर्षं खुर्ची सोडायची नाही, सोडली तर सौदा मोडला? तुम्ही आठ दिवसांत कंटाळून पळाल अशी मला धास्ती होती. पुढे प्रत्येक विकणाऱ्याला तोच कागद दिला. त्या बड्या लोकांना तो इतका आवडला की मलाच डकवला. हसा खुशाल.

घाईराव म्हणतो घासाघीस केली तर सहा महिन्यांवर येतील. तुम्ही काय म्हणता?

मामीला नमस्कार सांगा, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भाची

---

११ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसलो. मामीला वाचून दाखवलं, तीही हसली, पण तिने लगेच पोरीची चौकशी केली.

माझं म्हणशील तर माझी दोन वर्षं बघता बघता गेली. नवाला खुर्चीत, सहाला बाहेर. पहिले तीन महिने तुम्ही काहीच बदललं नाहीत, नुसते बघत होतात, तेव्हा मजा वाटली. मी प्रत्येक शिकणाऱ्याचं शेवटचं पान वाचून एक ओळ लिहायचो. कुणाची करंगळी आळशी, कुणी डाव्या हातावर अन्याय करतो. मग तुमचं यंत्र आलं आणि सगळ्यांनाच 'छान प्रगती' म्हणायला लागलं. त्यानंतर खुर्चीत बसून काय करायचं हा प्रश्न पडला, पण हजेरी होती, तेव्हा बसलो. त्यात तुझा काय दोष? धंदा असाच चालतो.

सहा महिने म्हणत असतील तर ठीक. त्याहून एक दिवस जास्त देऊ नकोस. मामी तेव्हा बराच काळ तिच्या बहिणीकडे होती, त्यामुळे मला घरी तसा त्रास नव्हता.

प्रकृतीला जप. तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
मामा

---

२६ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न.

आज थट्टा नाही. विक्रीसाठी जुने कागद लावत होते. आमच्याकडे विकणाऱ्यांच्या विनंत्यांची एक वेगळी ईमेल-पेटी आहे. रजा, अडचण, तक्रार असं काहीही आलं की त्या पेटीतून तयार उत्तर आपोआप जातं. ते मीच लिहून ठेवलं होतं, पहिल्याच वर्षी. उत्तराखाली सहीही माझीच.

त्यात तुमचं पत्र सापडलं. मामीच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन आहे, बहिणीच्या गावी तिच्यासोबत तीन महिने राहायचंय, तिथे नेट धड नाही म्हणून तिथून कामही जमणार नाही, तेवढी सूट देशील का, असं तुम्ही विचारलं होतंत. मला 'बाळ' म्हणून लिहिलं होतंत. आणि दोन मिनिटांत तुम्हाला माझ्या सहीचं उत्तर गेलं, की तुमची अडचण आम्ही समजतो, परंतु करारानुसार हजेरीत सवलत देता येत नाही.

मी ते पत्र कधी पाहिलंच नाही. तुम्हाला वाटलं मीच नाही म्हटलं. आणि तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. त्यानंतर मी दोनदा जेवायला आले तुमच्याकडे, मामी बहिणीकडे का गेलीय हे विचारलंही नाही. मला माझीच लाज वाटते, मामा.

पेटीत आणखी आहेत. अकरा जण अजून त्याच कागदात अडकलेत. गोष्टी सांगणाऱ्या बाईंना आईजवळ राहायला जायचंय. नकाशे काढणाऱ्याला दुसऱ्या गावी शिकवायची नोकरी मिळाली होती, ती गेली. सगळ्यांना माझ्या सहीचं तेच उत्तर.

मी घाईरावला म्हटलं, कागद फाडू. तो म्हणाला, घेणारे त्या अकरा जणांसकट घेतायत, ते सुटले तर सौदा मोडेल, आणि आपल्या ऑफिसातल्या माणसांचं काय? तोही चुकीचं बोलत नाही. मग मी बड्या कंपनीला विचारलं, अकरा जणांना सोडायला काय घ्याल. ते म्हणाले, तुम्ही चार वर्षं राहा. येत्या बुधवारी, पाच तारखेला सही आहे. घरी अजून सांगितलं नाही.

क्षमा करा म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते.

तुमची,
भाची

---

३ मार्च

चि. भाचीस,
आशीर्वाद.

हे पत्र हाती पडेल त्या क्षणी पेन खाली ठेव. सही करू नकोस.

मी खोटं लिहिलं होतं. दोन वर्षं बघता बघता गेली नाहीत. तुझं ते उत्तर आलं तेव्हा मी दिवसभर त्या खुर्चीत नुसता बसून होतो. राग आला नाही असं नाही, आला. मग वाटलं, पोर नवा धंदा उभा करतेय, आपल्यालाच सूट दिली तर उद्या सगळे मागतील. म्हणून गप्प राहिलो. फोन उचलून सरळ विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. मानी माणूस, दुसरं काय.

मामी बहिणीकडे गेली ती तीन महिन्यांसाठी, राहिली चौदा महिने. करार संपल्यावर मी तिला आणायला गेलो. ती आनंदाने आली, अगदी आनंदाने. पण घरी आल्यावर डोळ्यांत औषध ती स्वतःच घालायची. मी बाटली हातात घेतली की म्हणायची, राहू द्या, मला जमतं. भांडण नाही, रुसवा नाही. तिला माझ्यावाचून करायची सवय लागली होती, एवढंच. तिची ती सवय अजून गेलेली नाही.

त्या अकरा जणांना फोन कर, हात जोडून माफी माग. पण त्यांची सुटका तुझ्या पोरीच्या वाट्यातून देऊ नकोस. माझ्यासाठी म्हणून तर मुळीच नको.

फोनवर हे बोलणं मला आजही जमायचं नाही, म्हणून टपालपेटीत टाकायला आता स्वतःच निघालोय. बुधवारच्या आत पोचावं.

मामा

---

९ मार्च

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी आलं. मी बुधवारी सही केली होती.

अकरा जणांना मी स्वतः फोन केले, तयार उत्तर पाठवलं नाही. गोष्टी सांगणाऱ्या बाई त्याच दिवशी निघाल्या. नकाशेवाला म्हणाला की आता ती नोकरी राहिली नाही, पण आभार. तेवढंच म्हणाला.

माझी खुर्ची खिडकीजवळ दिलीय, हजेरी नऊला लागते. घाईरावला त्यांनी सोडलं, तो पुढच्या आठवड्यात डोंगरात फिरायला जातोय. येताना काय आणू विचारत होता. मी चिडले त्याच्यावर, उगाचच.

आज लेकीला सांगितलं. रडेल, भांडेल, चार वर्षं म्हणजे मी केवढी होईन विचारेल, अशी सगळी उत्तरं मी तयार ठेवली होती. ती फक्त बरं म्हणाली आणि कॅमेऱ्यासमोरून उठली. मला वाटलं, रुसून गेली. नवऱ्याने फोन फिरवून दाखवलं. तिच्या कपाटातला मधला खण तिने दीड वर्ष रिकामा ठेवला होता, आईच्या कपड्यांसाठी, बाबालाही त्यात काही ठेवू द्यायची नाही. त्यात ती तिची पुस्तकं लावत होती.

मामीला नमस्कार. लिहीत राहा.

तुमची,
भाची