गुळाचा खडा

२ नोव्हेंबर २०२४
सुटलो एकदाचा! चिपळूणची कंपनी बंद पडल्यापासून सासऱ्यांचे टोमणे ऐकून कान किटले होते. आता एव्हरशाईन सिटीत भाड्याची जागा आणि वसई पूर्वेच्या गाळ्यात सुपरवायझरची नोकरी. बी.एस्सी. केमिस्ट्रीला कुणीतरी भाव दिला बुवा! मालक क्लेमेंट सर इथल्याच नंदाखाल गावचे. पहिल्याच दिवशी बागेतला केळ्यांचा अख्खा घड दिला. काम सोपं आहे. एक्स-रे मशीनला लागणाऱ्या राखाडी चकत्या घासायच्या आणि ॲसिडमध्ये धुवायच्या. चकती हातात घेतली तर वजनच लागेना. सर म्हणाले, स्पेशल ॲल्युमिनियम आहे. मी म्हटलं, असेल.

९ नोव्हेंबर
धुळीच्या कामाला गूळ हवाच, माझे आजोबाही गिरणीत खायचे. इथे सर स्वतः डबा घेऊन दारात उभे राहतात, प्रत्येकाला एक खडा. जुना कारागीर गॉडफ्रे, जवळच्या निर्मळ गावचा, मला म्हणाला, गूळ खा, नायतर धूळ तुला खाईल. आणि काय गूळ आहे! संध्याकाळपर्यंत ओठ गोड. घरी गेलो की पाच वर्षांची उन्नती गळ्यात पडते, पापा घेते आणि म्हणते, बाबा, तू गोड लागतोस. बायको, मीरा, म्हणाली, मग तुझ्या चहात साखर नको.

१२ डिसेंबर
गॉडफ्रेचा खोकला थांबत नाही, दोन चकत्या घासल्या की स्टुलावर बसतो. आज सगळ्यांसमोर झापला, म्हटलं नाटकं बंद कर. सर म्हणाले, सुपरवायझर तू आहेस, तूच ठरव. मी त्याला घरी पाठवला. जाताना एवढंच म्हणाला, दीपेशभाऊ, एक दिवस गूळ न खाता बघ. म्हातारा चळलाय.

७ जानेवारी २०२५
सर लग्नाला गेलेत, डबा कुलपात. गूळ नाही.
दुपारी ओठ गोड. चूळ भरली, तरी गोड. शेवटी शर्टाच्या बाहीला जीभ लावून पाहिली.
बाही गोड आहे.

८ जानेवारी
भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं पिंप फिरवलं. लेबल – बेरिलियम. कपाळ माझं! पाचूत असतो हा धातू. एका फ्रेंच माणसाने शोधला, त्याचे क्षार चाखले तर गोड, म्हणून आधी नावही गोडावरूनच पडलं. वर्गात आम्ही खिदळलो होतो. पुस्तकात त्याच पानावर खाली होतं की याची धूळ फुप्फुसात बसली की उठत नाही.
सरांना जाब विचारला. ते केळं सोलत होते. शांतपणे म्हणाले, गूळ छातीसाठी नव्हताच रे, जिभेसाठी होता. मग विचारलं, तूही दमलास का? दमलेल्याला घरी पाठवायचं तूच ठरवलंयस.

१५ जानेवारी
नोकरी सोडली. निर्मळला गेलो. गॉडफ्रेच्या नाकात नळी. मला बघून त्याने तोंड फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी त्याची बायको पॉलिन, ती पण खोकत होती. ती गाळ्यात कधीच गेली नाही. त्याचे कपडे मात्र रोज तीच झटकून धुवायची.
मीरा पण झटकते. गॅलरीत. उन्नती खाली खेळते.

२ फेब्रुवारी
उन्नतीचा एक्स-रे. क्ष-किरण त्या चकतीतून आरपार जातात, म्हणून तर ती मशीनला लावतात – लेकीच्या छातीतून गेले नाहीत. पांढरं. सगळं पांढरं.

५ फेब्रुवारी
गाळ्याचे शर्ट पिशवीत बांधले. पाच होते – चारच सापडतात. उन्नती रुसलीय. बाबा आता गोड लागत नाही म्हणते.

९ फेब्रुवारी
पाचवा सापडला – पलंगाखाली – तिच्याजवळच होता – इतके दिवस – बाही चोखून चोखून –
मीरा तो ओढून घेतेय. उन्नती सोडत नाही, खोकते आणि हसते –
मीरा, झटकू नको – मीरा –
उन्हात सगळ्या खोलीभर धूळ – माझ्या ओठांवर परत गो