गेटवर उलटलेलं पोतं

जबलपूर,
सोमवार, १२ जानेवारी

ती. पुंडलिकभाऊस सत्तीचा नमस्कार.

तिकडे सगळे बरे असाल. मीरावहिनीचा खोकला गेला का? आम्ही ठीक. थंडीनं गुडघे धरले आहेत, ते दरवर्षीचंच.

फोन तू उचलत नाहीस. वहिनी उचलते आणि म्हणते, "ते शेतात गेले." सकाळी शेतात, संध्याकाळी शेतात, जेवायच्या वेळीही शेतात! झोपतोस पण मटरातच का? म्हणून दूधवाल्या भैयाच्या हाती ही चिठ्ठी धाडून राहिली. त्याचं गाव तुझ्या गावाला लागूनच आहे. फाडायची असेल तर फाड, पण आधी वाच.

पहिले खुशखबर ऐक. ओमतीच्या हॉटेलची खरेदी तं माझ्याकडे होतीच. आज मालकांनी, शैलेंद्रजींनी, भेडाघाटच्या हॉटेलची पण मला दिली! सगळ्यांसमोर बोलले, "अब दोनों जगह सत्यवती दीदी की चलेगी." मी म्हटलं, "चलेगी तो ठीक, पर गाडी भी देनी पड़ेगी. मैं ऑटो में धक्के नहीं खाऊँगी." हसले. देतील. न देऊन जातात कुठं!

भाऊ, मी भाजी निवडणाऱ्या बायांवर देखरेखीला होती तेव्हाचा धिंगाणा तुला सांगत होती ना? खालच्या किचनचा आचारी, महाराज, आपल्या माणसाला फोन करे, वरच्या हॉलवाला आपल्या, लॉनवाला तिसऱ्याच कोणाला. एकदा कोथिंबीर इतकी आली की बादल्यांत उभी करून ठेवली, आणि मीठ कोणीच नाही मागवलं. पाहुणे पानावर बसलेले आणि मी वाटी घेऊन समोरच्या चहावाल्याकडे पळाली. एवढं मोठं हॉटेल आणि मीठ उसनं!

मग मालकांची मुलगी अवंतिका शिकून आली. म्हणे, काकू, उद्याचं काय पाहिजे ते सगळ्यांनी आज संध्याकाळीच फोनच्या ग्रुपवर टाकायचं, मग सगळ्यांची मिळून एकच ऑर्डर जाईल. मी म्हटलं, "बेटा, फोनमध्ये भाजी उगवत नाही." तिनं ऐकलं नाही. आणि पोरीचं खरं निघालं! फेकायचा ढीगच दिसेना. कचरागाडीवाला विचारून राहिला, "बंद कर दिया क्या होटल?"

माझी अक्कल पण ऐक. मी म्हटलं, माल एकाच गेटनं आणि माझ्यासमोर आला पाहिजे. वेळ कोणाला सांगितलीच नाही. तं दूध, भाजी, गॅस, बर्फ, धोब्याच्या चादरी, सगळे एकदमच येऊन उभे! रस्ता जाम. हवालदार आला, "अम्मा, बारात है क्या?" मी म्हटलं, "बारात ही समझो, नाचना हो तो नाचो." अवंतिका पायरीवर बसून हसत होती, आणि चादरींवर फुलकोबी पडलेली. दुसऱ्या दिवसापासून वेळा वाटून दिल्या. आधी दूध, मग भाजी, किराणा दुपारी. काल लॉनवर डॉक्टर लोकांचा मोठा कार्यक्रम झाला. ना काही कमी पडलं, ना काही उरून सडलं. महाराज, जो माझं तोंड पाहत नव्हता, त्यानं स्वतः चहा आणून दिला.

चहा तेवढा घेते. बाकी गेटवर कोणाकडून काही घेत नाही. हा माझाच नियम. दुसरा नियम, प्रत्येक पोतं ताडपत्रीवर उलटायचं, मग तोलायचं. कोणाचंही असो.

आता तुला कळलंच असेल मी कुठं येऊन राहिली.

त्या दिवशी तू गेटवर होतास, तुझ्या बाजूनं तू पाहिलंस. माझ्या बाजूनं कोण पाहणार? आदल्याच दिवशी तेलवाल्याचा मिठाईचा डबा मी महाराजाच्या हातातून काढून परत केला होता. महाराज म्हणाला, "दीदी, मिठाई से कोई मरता है?" मी म्हटलं, "मरता नहीं, मुँह बंद हो जाता है." सगळी पोरं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तू दरवर्षीसारखे मटर घेऊन आलास. गेटवाला म्हणाला, "दीदी, ये तो आपके भैया का है, जाने दूँ?" आपल्यात नात्यातल्या माणसाचं पोतं कोणी उलटत नाही, मला काय माहीत नाही? पण महाराज दारात हात बांधून उभा होता. मी म्हटलं, उलट.

मटर कसे होते! हिरवेगार, एक शेंग पिवळी नाही. आणि तळातून वहिनीचं गठुडं घरंगळत आलं. दरवर्षी येतं तसं. तू पोत्यात घालायचास, पोतं रिकामं झालं की बाया मला आणून द्यायच्या. सोपं होतं. पण त्या दिवशी गेटवाला ओरडला, "लो, दीदी का कमीसन आ गया!" आणि सगळे हसले. महाराज सगळ्यांत मोठ्यानं.

मी म्हटलं, "हे कोणाचं आहे मला माहीत नाही. परत न्या."

वहिनीच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा होता तो. मला माहीत नाही! आणि तू म्हणालास, "बरं, मॅडम." गठुडं काखेत मारलंस, पाणी न पिता गेलास. तेव्हापासून तुझे मटर नाही, तू नाही.

माझं चुकलं असं मी लिहीत नाही. घेतलं असतं तं दुसऱ्या दिवशी तेलवाला डबा घेऊन परत आला असता, आणि मी त्याला कोणत्या तोंडानं हाकललं असतं? पण हो म्हणायला पाहिजे होतं. माझ्या वहिनीचं आहे, माझ्या गुडघ्यांसाठी मेथीचे लाडू आहेत, घरी आणून दे, इथं नको, एवढं म्हणायला काय लागत होतं? जीभ तं माझी कधी अडत नाही. त्या दिवशीच काहून अडली, समजत नाही. घरी येऊन स्वयंपाक केला नाही. यांनी विचारलं तं यांच्यावरच ओरडली.

आता कामाचं. दोन्ही हॉटेलांचे मटर सीझनभर कोणाकडून घ्यायचे ते मला उद्या सांगायचं आहे. महाराज स्वतः म्हणतो, "भैया वाला मटर मँगाओ, ये तो भूसा है." पण मी तुझं नाव तुला विचारल्याशिवाय देणार नाही. दिलं तर सगळ्यांसारखं. भाजीच्या वेळेला यायचं, पोतं उलटलं जाईल, पिवळी शेंग निघाली तं परत जाईल. बहीण आहे म्हणून एक शेंग माफ नाही. पटलं तर दूधवाल्याजवळ हो सांग, नाही पटलं तर नाही सांग. मी रागावणार नाही. मंडी भरली आहे मटरांनी.

पण परवा संक्रांत आहे. वहिनीला घेऊन घरी ये. गेटकडे फिरकू पण नको, सरळ घरी. मटर मी कुठूनही घेईन, भाऊ. वहिनीच्या हातचे लाडू कोणाकडून मागवू?

संक्रांतीला दिवसभर घरीच आहे,
तुझी
सत्ती