सायकलवर मावेल असा लॅपटॉप

२ डिसेंबर, मंगळवार

सर हो म्हणाले! पण सुट्टी नाही. "फिरा, पण रोज चारला मीटिंगला दिसायचं, आणि तपासलेले धडे त्याच दिवशी पाठवायचे." पुण्यात बसून माझ्याकडून अमरावतीत काम करून घेतात, मग मी अंजनगावला असले काय नि अकोल्याला असले काय! हे मनात. तोंडानं फक्त "हो सर".

पाच वर्षं घोकतेय ही पाच दिवसांची सायकलची चक्कर. पहिल्याच दिवशी दांडी झाली, तर पुन्हा कधी सोडणार नाहीत. आणि घरचा लॅपटॉप म्हणजे पाटा! लहान घ्यायलाच हवा.

५ डिसेंबर, शुक्रवार

राजकमल चौकाजवळचं दुकान. वजन विचारलं, तर दुकानदार हसला. "मॅडम, रंग विचारते लोक. वजन कोनी नाई विचारलं आजवर."

अकरा इंची फारच गोड, पण टाइप करताना बोटं एकमेकांच्या अंगावर चढतात. तेरा इंची छान, फोनच्याच चार्जरवर चालतो, पण जड. किती जड? कागदावरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. शेजारच्या मिठाईवाल्याच्या काट्यावर नेला — एक किलो दोनशे चाळीस ग्रॅम. मिठाईवाला म्हणतो, "डब्यात भरून देऊ का, ताई?"

७ डिसेंबर, रविवार

आज प्रयोग. तेरा इंचीच्या वजनाइतकी तूरडाळ मोजून घेतली, कॅरिअरच्या पिशवीत टाकली आणि वलगावला गोदामावशीकडे. जाताना मस्त! गुडघ्यांची तक्रार नाही.

मावशीनं पिशवी उघडली. "अवं दीक्षा, डाळ कायले आणली वं? घरचीच तूर हाय आपली." आणि ठेवून घेतली! तो माझा लॅपटॉप आहे, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?

येताना तुरीच्या शेंगा, संत्री, मूगवड्या. नको म्हटलं तर डोळ्यांत पाणी. घरी येऊन मोजलं — पावणेसहा किलो. आणि मी ग्रॅम मोजत बसलेय!

१० डिसेंबर, बुधवार

आईचं मत — मोठाच घे. "व्हिडिओवर तुय तोंड मले मोठं दिसलं पायजे."

आई, तू तुझ्या फोनवर बघणार ना?

"म्हणूनच तं सांगून राहिली!"

वाद संपला.

१३ डिसेंबर, शनिवार

तेरा इंची घेतला. आईनं लगेच जुन्या गोधडीचं कव्हर शिवलं. त्याचं वजन करायचं नाही असं ठरवलंय.

२२ डिसेंबर, सोमवार. अंजनगाव सुर्जी

पोचले! एकटी, सायकलवर, माझी मी. दर्यापूरच्या अलीकडे वारा तोंडावर होता, तरी पोचले. लॉजवर आंघोळ केली, केस विंचरले, साडेतीनला ऐटीत पिशवी उघडली.

भाकरी. ठेचा. शेंगदाण्याची चटणी. लाडूंचा डबा. त्याखाली आणखी एक लाडूंचा डबा. लॅपटॉप नाही!

आईला फोन. "लाडू मावूनच नव्हते राहिले त्याच्यापायी. म्या काहाडून ठेवला. पाच दिवसात काय नासते काय तो?"

धडे सगळे त्यात. फोनवरून नुसतं तोंड दाखवायचं, तर रेंजही गेली. चार वाजले, सव्वाचार झाले. रडले. खरंच रडले, लाडू खातखात. मीच बावळट. निघताना पिशवी उघडून बघायला काय झालं होतं? उद्या पहाटे मुकाट्यानं अमरावतीला परत.

२३ डिसेंबर, मंगळवार

सायकलचं तोंड अमरावतीकडे वळवलं आणि रेंज आली. लगेच आईचा फोन. मी लागत नाही म्हणून सरांनी काल आईला फोन केला होता. पाऊण तास आईच बोलली म्हणे! मग सरांचा मेसेज: "पाच दिवस सुट्टी घ्या. कामाचं बघू नका. आणि कृपया आईंना कळवा, मी जेवलो."