आंघोळीपुरता दम

आई, आज भाट्याला एका घरी जाऊन आले आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझे शेवटचे महिने मला आठवतात ते न्हाणीघरातलेच. फुफ्फुसाच्या कॅन्सरने तुला फारसं दुखत नव्हतं. बसलेली असलीस की बरी असायचीस. पण चुलीपासून न्हाणीपर्यंत चाललीस की चौकट धरून उभी राहायचीस, खांदे वरखाली होत राहायचे, तोंडून शब्द फुटायचा नाही. शेवटी मी तुला न्हाऊ घालायला लागले. पहिल्या दिवशी तू भिंतीकडे तोंड करून बसलीस. मी तेव्हा डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. तू म्हणालीस, "एवढं शिकतेस, ह्या दमावर काहीच नाही का गो तुमच्याकडे?" मी माझ्या सरांना विचारलं. ते म्हणाले, मॉर्फिन दुखण्यासाठी. दम लागणाऱ्याला दिलं तर आहे तो श्वासही जाईल. तेव्हा बहुतेक सगळे तसंच मानत.

आता मी अशाच आजाऱ्यांच्या घरी जाते. मॉर्फिन जवळ ठेवायची परवानगी मिळवायला किती खेटे घातले ते सांगत बसत नाही. मिळवली. आजचे आजोबा आयुष्यभर जहाजावर होते. बसल्याजागी ठीक असतात, उठले की धाप. सुनेने आंघोळ घालायची वेळ आली तशी त्यांनी आंघोळच सोडली. मुलगा दुबईहून रजा काढून आलाय. मी मॉर्फिनची बाटली काढली तसा तो मध्ये आला.

"ही अफूच ना? अब्बा गुंगीत पडून राहतील."

मी त्याला सगळं नीट सांगितलं. मात्रा अगदी थोडी आहे, आंघोळीच्या आधी अर्धा तास घ्यायची, पोट साफ व्हायचं औषध बरोबर द्यायचं. सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही, आणि आजार काही ह्याने हटणार नाही. त्याची मान हलेना. मग म्हटलं, "मी इथेच बसते. काही झालं तर मी समोर आहे." तो वडलांकडे बघायला लागला. आजोबांनी नुसता हात पुढे केला.

अर्ध्या तासाने ते उठतात, भिंतीला धरून हळूहळू जातात, आत ठेवलेल्या स्टुलावर बसतात, दार लोटून घेतात. आम्ही बाहेर. तांब्याचा आवाज येत राहतो, मध्येच थांबतो, पुन्हा येतो. बाहेर आले तेव्हा दम लागला होताच, पण बोलता येत होतं. खुर्चीवर टेकले आणि सुनेला म्हणाले, "पाणी जरा कडक हवं होतं." ती तोंडाला ओढणी लावून आत गेली. मुलाने माझ्याकडून मात्रा पुन्हा समजून घेतली.

उद्या दुसरं घर आहे. तिथेही अफूवरून वाद होणार, मी तिथेही बसून राहणार. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते: त्या मुलाशी मी ठाम बोलले खरी, पण तांब्याचा आवाज थांबला तेव्हा मी दाराच्या कडीला हात घातला होता.